नॉट अ बग: फेडोरा 14 मधली खरखर आणि तिच्यावरून झालेलं भांडण

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, बग रिपोर्टवरून भांडणं रोजचीच आहेत, त्यात नवल काही नाही. पण हे एक प्रकरण मी बरेचदा नवीन पोरांना सांगतो कारण यात जवळपास प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि तरीही आठ महिने घोंगडं भिजत पडलं. 2010 मधली गोष्ट आहे. सगळं भांडण रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, उघड्यावर झालं, बग नंबर 638477, शीर्षक साधारण असं की एमपी3 वाजवणाऱ्या फ्लॅश साइटवर विचित्र आवाज येतो.

रिपोर्ट टाकणारा, शोध लावणारा, बग बंद करणारा, यांची नावं मी घेत नाहीये, गरज नाही. फक्त एका माणसाचं नाव घ्यावं लागेल, लिनस टोरवाल्ड्स, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम ज्याने सुरू केली तो, कारण त्याचं नाव लपवलं तरी बोलण्यावरून तुम्ही ओळखालच.

पार्श्वभूमी

आधी तीन पात्रं समजून घ्या.

पहिलं फेडोरा. लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स आणि सोबतचे प्रोग्राम एकत्र बांधून दिलेला संच, रेड हॅटच्या पाठिंब्यावर चालणारी, दर सहा महिन्यांच्या आसपास नवीन व्हर्जन, आणि नवीन गोष्टी सगळ्यात आधी घेण्याची हौस. फेडोरा 14 चा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, सप्टेंबर 2010 च्या शेवटी आला आणि फायनल 2 नोव्हेंबरला.

दुसरं जीलिबसी. लिनक्सवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्या सी लायब्ररीच्या खांद्यावर उभा असतो ती ही. फाइल उघडा, मेमरी मागा, मजकूर छापा, सगळं हिच्यातून जातं. ती चालू असते तोपर्यंत कोणाला तिचं नावही माहीत नसतं.

तिसरं फ्लॅश. आजच्या पोरांना सांगावं लागतं, पण तेव्हा ब्राउझरमध्ये गाणं ऐकायचं किंवा व्हिडिओ बघायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी अडोबीचा फ्लॅश प्लगइन लागायचा. तो बंद सोर्सचा. 64-बिट लिनक्ससाठी तर त्याची धड फायनल आवृत्तीसुद्धा नव्हती, सप्टेंबर 2010 मध्ये अडोबीने 'स्क्वेअर' नावाचा प्रिव्ह्यू काढला होता तोच लोक उतरवून वापरत होते. फेडोरा हा प्लगइन स्वतः देत नव्हतं कारण त्यांच्या नियमात तो बसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरून बरंच पाणी पेटलं.

आता या तिघांमध्ये झालं काय, तर 2010 च्या उन्हाळ्यात इंटेलच्या एका इंजिनियरने जीलिबसीमध्ये पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दिला, मेमकॉपी नावाचं फंक्शन काही इंटेल प्रोसेसरवर जास्त वेगात चालावं म्हणून. मेमकॉपीचं काम एका ओळीचं आहे, इथले इतके बाइट उचल आणि तिथे ठेव. नवीन कोडमध्ये काही वेळा हे काम उलट्या बाजूने, म्हणजे शेवटच्या बाइटपासून सुरू व्हायचं. पॅच घेतला गेला आणि फेडोरा 14 मध्ये आला.

प्रॉब्लेम

बीटा टाकल्यावर एका युजरला फ्लॅशमधलं एमपी3 गाणं फाटल्यासारखं ऐकू यायला लागलं. आधीच्या फेडोरावर तोच प्लगइन, तेच गाणं, व्यवस्थित. त्याने रिपोर्ट टाकला.

इथे पहिली गंमत अशी की हा बग सगळ्यांना येत नव्हता. जीलिबसी प्रोग्राम चालू होताना प्रोसेसर कोणता आहे ते बघते आणि त्याप्रमाणे मेमकॉपीची कुठली प्रत वापरायची ते ठरवते. नवीन उलटी प्रत लागायला एसएसएसई3 नावाच्या सूचना प्रोसेसरमध्ये लागतात, त्या वेळच्या एएमडी प्रोसेसरमध्ये त्या नव्हत्याच. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांकडे तेच फेडोरा, तोच प्लगइन, आणि एकाकडे खरखर तर दुसऱ्याकडे स्वच्छ गाणं. 'माझ्याकडे तर नीट चालतंय' हे बग रिपोर्टखालचं जगातलं सगळ्यात चीड आणणारं वाक्य आहे आणि इथे ते म्हणणारा खोटं बोलत नव्हता.

मग काही युजर चिकाटीने खोदत बसले. साउंड ड्रायव्हर, साउंड सर्व्हर, ब्राउझर असं एकेक बाजूला काढत जीलिबसीची जुनी आणि नवी आवृत्ती आलटून पालटून लावून बघितली, आणि सुई मेमकॉपीवर येऊन थांबली. व्हॅलग्राइंड नावाचं, मेमरीतल्या चुका पकडणारं टूल लावल्यावर कारणही दिसलं, फ्लॅश मेमकॉपीला मेमरीतले असे दोन पत्ते देतोय की ज्यांचे भाग एकमेकांवर चढलेले आहेत.

हे एकमेकांवर चढणं म्हणजे काय ते पंगतीवरून सांगतो. समजा पंगतीत दहा पाट आहेत, तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत माणसं बसलीयेत आणि यजमान म्हणाला सगळ्यांनी दोन पाट पुढे सरका. पुढून सुरुवात केली तर तिसरा पहिल्यावर जातो, चौथा दुसऱ्यावर, पाचवा तिसऱ्याच्या रिकाम्या पाटावर, कोणाला त्रास नाही. पण मागून सुरुवात केली तर दहावा थेट आठव्याच्या मांडीवर. पंगतीत आठवा निदान ओरडतो तरी, मेमरीत तो गुपचूप पुसला जातो आणि तुम्हाला स्पीकरमधून खरखर ऐकू येते.

सी भाषेच्या मानकात हे पहिल्यापासून स्पष्ट लिहिलंय. मेमकॉपीला एकमेकांवर चढलेले भाग द्यायचे नाहीत, दिले तर काय होईल याची हमी नाही. तसे भाग असतील तर मेममूव्ह नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते दिशा बघून काम करतं. मॅन्युअलच्या पानावरही हेच. म्हणजे चूक अडोबीची, शंभर टक्के. इतकी वर्षं मेमकॉपी पुढून चालत होती म्हणून ती चूक झाकली गेली होती एवढंच.

पहिला निर्णय: बग बंद

मेंटेनरने, म्हणजे फेडोरात जीलिबसी सांभाळणाऱ्याने, बग बंद केला. कारणाच्या रकान्यात 'नॉट अ बग'.

कोडच्या दृष्टीने याच्यात चुकीचं काहीच नाही. जीलिबसी मानकाप्रमाणे वागतेय, प्लगइन मानक मोडतोय, प्लगइन आमचा नाही, त्याचा सोर्स आमच्याकडे नाही, आम्ही तो देतही नाही. मेंटेनरच्या जागी बसून बघा, त्याच्यापुढे अशा रिपोर्टची रास असते आणि 'तुमच्यामुळे माझा अमुक प्रोग्राम बिघडला' यातले कितीतरी त्या अमुक प्रोग्रामचेच दोष निघतात.

पण युजरने तो शेरा वाचला कसा? तर 'तुला जे ऐकू येतंय ते खरं नाही'. त्याने पुन्हा उघडला. पुन्हा बंद. मग ये-जा सुरू झाली, आणि खाली 'मलाही', 'मलाही', 'अजून सुटलं नाही का', 'जुन्या फेडोरावर तर चालतंय' अशा कमेंटींची गर्दी. यात एक गोष्ट झाली जी मला सगळ्यात नुकसानीची वाटते. ज्या दोन-तीन कमेंटमध्ये खरा माल होता, म्हणजे नेमकं फंक्शन, व्हॅलग्राइंडचं आउटपुट, कुठल्या प्रोसेसरवर येतंय, त्या शेकडो कमेंटींखाली गाडल्या गेल्या. नंतर आलेला प्रत्येक माणूस पहिल्यापासून भांडण सुरू करायचा.

इथे माझी एक कबुली. मी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटंसं टूल सांभाळतो, फुकटातलं, रात्री जेवणं झाल्यावर. एका डीटीपीवाल्या काकांनी लिहिलं की जोडाक्षरं फुटतायत. मी तपासलं तर त्यांच्या फॉन्टच्या प्रतीतच दोन चिन्हांच्या जागा इकडच्या तिकडे होत्या, टूलचा दोष नव्हताच. मी तसं लिहून रिपोर्ट बंद केला, स्वतःवर जरा खूषही झालो. त्यांचं उत्तर आलं, "साहेब, चूक फॉन्टची असेल, पण उद्या पत्रिका छापायचीये." मी तेव्हा ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो त्यांनी विचारलाच नव्हता. फेडोराच्या त्या बगमध्येही अगदी हेच झालंय, फक्त पत्रिकेच्या जागी गाणं.

बरं, रेड हॅटच्या बगझिलात बंद करायला दुसरे रकानेही होते. 'कान्ट फिक्स' होता, 'अपस्ट्रीम' (म्हणजे मूळ प्रोजेक्टकडे जा) होता. 'दोष प्लगइनमध्ये आहे, आम्हाला इथून तो दुरुस्त करता येत नाही, अडोबीकडे नोंद इथे आहे, तोपर्यंत हा उपाय करा' असं चार ओळीत लिहून बंद केला असता तर निम्मं भांडण तिथेच विझलं असतं असं मला वाटतं. निम्मंच, कारण उरलेलं निम्मं शब्दांचं नव्हतं.

भांडण मोठं होतं

फेडोरा 14 रिलीज झालं, तो बदल तसाच घेऊन. बीटापासून फायनलपर्यंत महिन्याभराच्या वर वेळ होता. आता खरखर फक्त बीटा वापरणाऱ्या हौशी लोकांची राहिली नाही.

आणि मग टोरवाल्ड्स आला. तो स्वतः फेडोरा वापरायचा, त्याला हा प्रकार भोवला, आणि तो सरळ बगच्या खाली युजर म्हणून लिहायला लागला. त्याची भाषा कशी असते ते माहितीये सगळ्यांना, युजरला तुमच्या मानकाशी देणंघेणं नाही हे त्याने ठणकावून लिहिलं. पण भाषा बाजूला ठेवली तर त्याने नुसता आवाज केला नाही, तीन कामं केली. स्वतःची छोटी साधी मेमकॉपी लिहून ती एलडी प्रीलोडने, म्हणजे प्रोग्राम चालू होताना मूळ फंक्शनच्या जागी आपलं बसवायच्या सोयीने, कशी घुसवायची ते दिलं, म्हणजे लोकांना लगेच गाणं ऐकता आलं. वेग मोजून बघितला आणि म्हणाला या उलट्या चालण्याचा एवढा काही फायदा मला दिसत नाही. आणि तिसरं, कर्नलमधला, म्हणजे तो स्वतः सांभाळतो त्या लिनक्सच्या गाभ्यातला, नियम समोर ठेवला, की एखादा प्रोग्राम काल चालत होता आणि तुमच्या बदलामुळे आज चालत नसेल तर तो बदल मागे घ्यायचा, मग तो प्रोग्राम कितीही वेड्यासारखा लिहिलेला असो.

त्याच्या विरुद्ध बाजूचं म्हणणंही पोकळ नव्हतं. ते म्हणत होते की चुकीचा कोड झाकत बसलो तर तो कधीच सुधारणार नाही. बंद सोर्सच्या एका कंपनीने मानक मोडलं म्हणून आख्ख्या सिस्टिमची लायब्ररी वाकवायची का? फेडोरा हे मुक्त सॉफ्टवेअरचं व्यासपीठ आहे, फ्लॅशसाठी आपण पायघड्या का घालायच्या? आणि युजर ओरडतायत कोणावर, तर जे फुकट काम करतात किंवा ज्यांची यात चूकच नाही त्यांच्यावर, अडोबीच्या दारात कोणी जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणीपुरतं बरोबर आहे, पण बंब सोमेश्वरीच का आला तेही बघा ना. अडोबीकडे नोंद झाली होती, पण तिथे सोर्स दिसत नाही, पॅच देता येत नाही, कधी दुरुस्त होईल कोणी सांगत नाही. फेडोराच्या दारात निदान माणूस भेटतो. ज्याचं दार उघडं असतं त्याच्याच अंगणात लोक येऊन भांडतात, ओपन सोर्समध्ये मेंटेनर होण्याची ही एक किंमत आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही.

कोणकोणते पर्याय होते

त्या सगळ्या गदारोळात फिरत असलेले पर्याय वेगळे काढले तर साधारण पाच दिसतात.

काहीच करायचं नाही, अडोबी सुधारेल तेव्हा सुधारेल. तत्त्वाला धरून, पण अडोबीची 64-बिट लिनक्सवरची फायनल आवृत्ती यायला ऑक्टोबर 2011 उजाडला, फ्लॅश 11, हे लक्षात घ्या.

फेडोरापुरता तो पॅच काढायचा. सोपं आणि लगेच होण्यासारखं. अडचण अशी की मग फेडोराची जीलिबसी मूळ जीलिबसीपेक्षा वेगळी, आणि तोच कोड पुढे दुसऱ्या डिस्ट्रोत जाणारच, तिथे परत हाच तमाशा.

मेमकॉपीलाच मेममूव्ह करून टाकायचं, म्हणजे दोन्ही नावं एकाच सुरक्षित कोडकडे. टोरवाल्ड्सचा कल इकडे. दिशा तपासायला एखाददुसरी तुलना लागते, तेवढा खर्च नगण्य आहे असं त्याचं म्हणणं. विरोधकांचं म्हणणं की मग नवीन लिहिणारेही बिनधास्त चुकीचं लिहिणार.

युजरने आपापलं बघायचं, प्रीलोड वगैरे. कोणीतरी प्लगइनच्या फाइलमध्येच घुसून मेमकॉपीच्या जागी मेममूव्ह बसवणारी स्क्रिप्टसुद्धा लिहिली होती, हात जोडावेत असं काम. पण टर्मिनल न उघडणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग.

आणि पाचवा, जो सुरुवातीला फार कोणाच्या तोंडात नव्हता, जुन्या आणि नव्या प्रोग्रामना वेगळं वागवायचं.

मला विचाराल तर त्या नोव्हेंबरमध्ये मी दुसरा पर्याय घेतला असता, तात्पुरता, तारीख टाकून. पॅच काढा, पुढच्या फेडोरात परत घालू असं जाहीर करा, आणि त्या सहा महिन्यांत व्हॅलग्राइंड घेऊन अजून कोण कोण असं करतंय ते शोधा. कारण फ्लॅश एकटाच नव्हता, एकमेकांवर चढलेल्या भागांवर मेमकॉपी चालवणारे बाकी प्रोग्रामही निघाले. फ्लॅश फक्त सगळ्यात मोठ्याने ओरडला, स्पीकरमधून ओरडतो म्हणून. एखादा प्रोग्राम गुपचूप फाइलमधला डेटा खराब करत असता तर? तो विचार त्या भांडणात फार कमी लोकांनी केला आणि मला तर तोच खरा धोका वाटतो.

शेवटी केलं काय

वाद जीलिबसीच्या स्वतःच्या ट्रॅकरवर गेला, तिथे बग 12518. तिथेही आधी तेच, चूक प्रोग्रामची, कोड बरोबर, मानक वाचा. शब्दही तितकेच कडक. पण जून 2011 च्या सुमाराला जीलिबसी 2.14 आली त्यात पाचवा पर्याय होता.

जीलिबसीमध्ये एक जुनी सोय आहे, फंक्शनच्या नावाला व्हर्जन चिकटवायची. प्रोग्राम ज्या दिवशी बांधला जातो, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार होते, त्या दिवशी त्याच्यात नोंद होते की मला अमुक व्हर्जनची मेमकॉपी हवी. 64-बिट इंटेलवर जुन्या सगळ्या प्रोग्राममध्ये ती नोंद 2.2.5 अशी असते. आता त्यांनी मेमकॉपीची 2.14 अशी नवीन नोंद काढली. नवीन बांधलेले प्रोग्राम ती वापरणार, वेगवान आणि कडक, चुकलात तर भोगा. आणि जुनी 2.2.5 ची नोंद मागणारा कोणी आला की त्याला गुपचूप मेममूव्ह द्यायचं. म्हणजे जुन्या प्लगइनचं गाणं परत सुरळीत, आणि नव्या कोडला सवलत नाही.

सुंदर उपाय आहे हा, खरंच. त्यात युजरचंही ऐकलं आणि तत्त्वही सोडलं नाही. आणि सोय नवी नव्हती हो, तो हत्यारांच्या पेटीत आधीपासून पडलेला पाना होता. बीटातल्या पहिल्या रिपोर्टपासून तो पाना हातात घ्यायला आठ महिने लागले, आणि माझ्या मते त्याचं कारण एवढंच की सगळा वेळ 'दोष कोणाचा' यावर चालला होता. तो प्रश्न तर पहिल्या काही दिवसांतच सुटलेला होता, त्याच्यावर कोणाचा मतभेदसुद्धा नव्हता. टोरवाल्ड्सही मान्य करत होता की अडोबीचा कोड चुकीचा आहे.

दुरुस्तीचं शेपूट

याला एक शेपूट आहे जे मला स्वतःला चावलं. 2.14 ची नोंद आली म्हणजे नवीन मशीनवर बांधलेला, मेमकॉपी वापरणारा जवळपास कुठलाही प्रोग्राम आता जुन्या मशीनवर चालेना, कारण तिथे 2.14 नावाची नोंदच नाही. सेंटओएस 6 नावाच्या लिनक्स डिस्ट्रोवर जीलिबसी 2.12 होती आणि ते सेंटओएस 6 कंपन्यांच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेलं होतं. मी लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम सर्व्हरवर टाकला की 'जीलिबसी 2.14 सापडली नाही' म्हणून तो पहिल्या पायरीवरच मरायचा, आणि मला तेव्हा याच्यामागे फ्लॅशमधलं गाणं आहे हे स्वप्नातही आलं नव्हतं. मी पण दोन दिवस 'आमच्या कोडमध्ये बग नाही' असंच म्हणत बसलो होतो ऑपरेशन्सवाल्यांना. ते बिचारे म्हणायचे बग नसेल रे, पण चालत नाहीये. शेवटी जुन्या मशीनवरच बांधायचं हा धोपट उपाय.

वेगळं काय करता आलं असतं

मेंटेनरच्या बाजूने बघितलं तर बंद करण्याची भाषा हा एक भाग झाला, वर बोललो. दुसरा भाग वेळेचा. बीटा कशासाठी असतो? अशाच गोष्टी कळायला. रिपोर्ट बीटात आला, खरखरीचं कारणही रिलीजच्या आधी सापडलं, म्हणजे यंत्रणा चालली. पण 'हा बग कोणाचा' याचं उत्तर मिळाल्यावर 'हा बदल या रिलीजमध्ये घालायचा का' हा वेगळा प्रश्न विचारायची जागाच कोणाकडे नसल्यासारखं झालं. लायब्ररीचा मेंटेनर लायब्ररीपुरतं बघणार, ते स्वाभाविक आहे. डिस्ट्रो म्हणून आख्ख्या घराकडे बघणारा कोणीतरी लागतो, आणि त्याने मेंटेनरला चुकीचं न ठरवता म्हणायला हवं की तुझं बरोबर आहे, तरी या वेळी थांबू.

पॅचच्या वेळीही एक संधी गेली. चालण्याची दिशा बदलतेय म्हणजे कोणीतरी त्या दिशेवर टेकून उभं असणार, इतक्या जुन्या आणि इतक्या वापरातल्या फंक्शनच्या बाबतीत तर नक्कीच. आधी काही महिने तपासणीची आवृत्ती फिरवून, चढलेले भाग दिसले की नोंद कर, असं करता आलं असतं. वेगाच्या पॅचमध्ये असं काम कोणाला आवडत नाही, त्यात मिरवण्यासारखा आकडा मिळत नाही ना.

युजरच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत आणि त्या बोलायला लोक कचरतात. एक, 'मलाही' ही कमेंट नाही. तुझा प्रोसेसर कोणता, प्लगइनचं व्हर्जन काय, जुनी जीलिबसी लावून बघितलीस का, हे लिहिलंस तर ती मदत. या प्रकरणात ज्यांनी हे केलं त्यांच्यामुळेच कारण सापडलं, आणि ते पगारी नव्हते, साधे युजर होते. दुसरं, बंद झालेला बग परत परत उघडणं. एकदा, नवीन माहिती घेऊन, ठीक. पण कुस्तीसारखं उघड-बंद सुरू झालं की समोरचा माणूस बग वाचायचं थांबवतो आणि फक्त बचाव करायला लागतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

टोरवाल्ड्सच्या पद्धतीबद्दल माझं मत पक्कं होत नाही. त्याच्या येण्याने लक्ष वेधलं गेलं, हे खरं. आकडे आणि तोडगा घेऊन आला हेही खरं. पण शब्दांची धार इतकी की पुढचे कित्येक दिवस लोक मेमकॉपीबद्दल बोलायचं सोडून कोण कोणाला काय म्हणालं याच्यावरच बोलत राहिले. आणि साध्या युजरने त्याच गोष्टी तेवढ्याच ठामपणे, आधी, सांगितल्या होत्या, तेव्हा त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत, हे मला जास्त टोचतं.

आणखी एक, रिपोर्ट टाकायला योग्य जागाच नसणं. फेडोरा फ्लॅश देत नव्हतं म्हणून बगझिलात फ्लॅशचा रकाना नाही, दोष फ्लॅशचा म्हणून जीलिबसीच्या रकान्यात तो 'बग नाही'. मग तो युजर जाणार कुठे? 'बाहेरच्या सॉफ्टवेअरमुळे आमच्याकडे दिसणारे त्रास' असा एक रकाना किंवा रिलीज नोट्समध्ये एक परिच्छेद, एवढ्याने काम झालं असतं. माझ्या त्या फॉन्टवाल्या टूलच्या पानावर आता असा एक भाग आहे, कुठल्या फॉन्टच्या प्रतीत काय गडबड आहे आणि तोपर्यंत काय करायचं. काकांच्या पत्रिकेनंतर टाकला.

आज स्थिती काय

2012 च्या मार्चमध्ये जीलिबसीची जुनी स्टिअरिंग कमिटी स्वतःहून बरखास्त झाली आणि काम एकमताने चालणाऱ्या समूहाकडे आलं. ते या एका बगमुळे झालं असं मी म्हणणार नाही, मागे बऱ्याच वर्षांची कुरबुर होती. 2020 च्या शेवटी अडोबीने फ्लॅशच बंद केला, म्हणजे ज्याच्यासाठी भांडलो ते गेलं. 2.2.5 ची मेमकॉपी मागणाऱ्याला मेममूव्ह देण्याची ती व्यवस्था मात्र राहिली.

आणि लिनक्सवर मेमकॉपीचं मॅन्युअल पान उघडलंत तर खाली नोट्समध्ये या सगळ्याचा एक परिच्छेद आहे. जीलिबसी 2.13 मध्ये कॉपीचा क्रम बदलला, त्यामुळे बऱ्याच प्रोग्राममधले दोष उघडे पडले, 2.14 मध्ये जुन्या प्रोग्रामसाठी व्हर्जन चिकटवलं. फ्लॅशचं नाव नाही, फेडोराचं नाही, टोरवाल्ड्सचं नाही, खरखरीचा उल्लेखही नाही. बग कोणाचा होता याबद्दल एवढंच लिहिलंय की आधीच्या क्रमामुळे तो योगायोगाने झाकला गेला होता.